बी रुजतानाचा टाइमलॅप्स लुकलुकतोय

रोपवाटिका:
मुलांच्या विज्ञान मालिकेत राजमा रुजताना दाखवायचाय, पडद्यावर २० सेकंद. काचेच्या बरणीत ओला टिपकागद, काचेला टेकलेलं बी, खिडकीचा उजेड, दर ५ मिनिटांनी फोटो. चाचणीत चित्र लुकलुकतं, तिसऱ्या दिवशी काचेवर बाष्प आणि बियांवर बुरशी. काय बदलू?

स्थिरचित्र:
आधी हिशेब. सेकंदाला २५ फ्रेम्सने २० सेकंद म्हणजे ५०० फोटो. सात दिवस धरले तर दर २० मिनिटांनी एक पुरे. ५ मिनिटांनी काढलेत तर २०१६ होतील, ८० सेकंदांचं चित्र.
लुकलुक कॅमेऱ्याच्या ऑटोमुळे, तो दर फोटोला सेटिंग स्वतःच बदलतो. शटर, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता), व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल), फोकस सगळं मॅन्युअल करा. खिडकीचा उजेड बदलत राहतो, म्हणून ती काळ्या कापडाने झाका. तरीही बारीक लुकलुक राहिली तर अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा, कारण लेन्समधली पाती दर वेळी अगदी तेवढीच मिटत नाहीत. बी काचेला चपटं टेकलेलं असल्याने फोकसची खोली (स्पष्ट दिसणारा पट्टा) कमी पडत नाही. दिवा फक्त फोटोपुरता लावा, म्हणजे उष्णता नाही.

मूळव्याप:
शेवटच्या मुद्द्याला हरकत. पुरेसा उजेड नसेल तर कोंब फिकट, लांबुडका होतो आणि त्याचा हुकासारखा वाकलेला शेंडा नीट उलगडत नाही. थंड एलईडी दोन्ही बाजूंनी, सतत चालू ठेवा. एकाच बाजूने लावलात तर कोंब तिकडे झुकेल आणि मुलं विचारतील, वाकडं का?
बुरशीचं कारण साचलेलं पाणी. बी ८ ते १२ तास भिजवून लगेच निथळा, फुटकी बाजूला काढा. बरणीत तळाला बोटभर पाणी, बी त्याच्या बरंच वर. झाकणाऐवजी जाळीचं कापड बांधा, बाष्पही कमी धरेल. बियाचा डोळा (शेंगेला चिकटलेल्या जागेची खूण) कडेने दिसेल असं ठेवा, मूळ त्याच्या शेजारूनच फुटतं. आणि एकावर विसंबू नका, चार-पाच बिया लावा.

स्थिरचित्र:
मान्य, सतत उजेडच बरा.

पाटीपेन्सिल:
कोपऱ्यात 'दिवस ३' असा आकडा टाका, नाहीतर लहान मुलांना बी खरंच २० सेकंदांत रुजतं असं वाटतं.
गोल बरणीऐवजी दोन काचांची चपटी चौकट घेतलीत तर मूळ २-३ सेंमी झाल्यावर ती ९० अंशांनी फिरवता येईल. काही तासांत मुळाचं टोक पुन्हा खाली वळतं, आधी वाढलेला भाग आडवाच राहतो. निवेदनात मात्र 'मूळ पाणी शोधायला वळलं' म्हणू नका. टोकाच्या टोपीतल्या पेशींमध्ये स्टार्चचे जड कण असतात, ते खालच्या बाजूला जमतात आणि त्यावरून मूळ दिशा ओळखतं.