'अन्नसुरक्षा' की 'बेगमी'?

खिलार
माण तालुक्यातल्या एका गावात ग्रामसभेसाठी रेशनच्या हक्कांचं माहितीपत्रक लिहितोय. पहिल्याच ओळीत अडकलो. 'अन्नसुरक्षा' हा शब्द वाचून दाखवला तर एक आजी म्हणाल्या, "म्हंजे दिवाळीला मिठाई तपासत्यात ती का?" दुसरा शब्द सुचवा.

शब्दवेडी
आजींचं काही चुकलं नाही. 2006 चा कायदा 'अन्न सुरक्षा आणि मानके', 2013 चा 'राष्ट्रीय अन्न सुरक्षा'. पहिला भेसळीचा, दुसरा पोटभर मिळण्याचा. इंग्रजीत एकाला सेफ्टी, दुसऱ्याला सिक्युरिटी. मराठीत दोन्हींना 'सुरक्षा'. त्यामुळे 'अन्न सुरक्षा अधिकारी' खव्याचे नमुने घेतो, आणि रेशनकार्डावर नाव चढवायचं तर तहसीलची पुरवठा शाखा गाठावी लागते. काही जण 'सुरक्षितता' लिहून फरक करू पाहतात, पण तो फक्त लिहिणाऱ्यालाच कळतो.

पेवकरी
आमच्या मंगळवेढ्याकडे यासाठी जुना शब्द आहे, बेगमी. बे आणि गम, फारसीतून आलेला, घोर नसणं. (बेगमेशी संबंध नाही, कुणीतरी विचारणारच.) शाळूची रास झाली की आधी वर्षाची बेगमी, उरलं तर बाजार. धान्य कणगीत, बळदात, जास्त असेल तर जमिनीखालच्या पेवात. पेव उघडलं की लगेच आत उतरत नसत, कोंडलेल्या हवेनं माणूस गुदमरतो. 'अफवांचे पेव फुटले' असं रोज छापणाऱ्यांनी पेव पाहिलं नसेल, तर सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीच्या पेवांबद्दल विचारून यावं.

आणि बेगमी एकट्या माणसाची नसते. कडब्याची गंज रचली की जनावरांचीही बेगमी झाली. कोरडवाहू रानात ज्वारी पेरतात ती भाकरी आणि वैरण दोन्हींसाठी. रेशनच्या पोत्यात कडबा येत नाही.

रोजंदारी
काका, शब्द गोड आहे, पण रान नसलेल्यानं कशाची बेगमी करायची? आमच्या घरात कणगी नव्हतीच. मजुरीत मिळालेली ज्वारी आठवड्यात संपायची. आई बहात्तरच्या दुष्काळाचं सांगते ते खडी फोडण्याचं, कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीचं आणि परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीचं. बेगमी हा ज्याच्या खळ्यावर रास पडते त्याचा शब्द. 'सुरक्षा' कितीही सरकारी असू द्या, तिच्यात माणशी 5 किलो आणि अंत्योदयच्या, म्हणजे सगळ्यात गरीब घराला 35 किलो असं लिहिलेलं आहे. ते मागता येतं, नाही मिळालं तर भांडता येतं.

पेवकरी
खरं आहे. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

शब्दवेडी
मलाही पटलं. फक्त सरकारी शब्दावर नजर ठेवावी लागते. 1963 साली महाराष्ट्रानं चक्क कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्द काढला आणि तिथे 'स्केअर्सिटी' घातला. कारण काय, तर टंचाईची चिन्हं दिसताच सरकार उपाय करतं, म्हणून दुष्काळ पडायला वावच नाही! नऊ वर्षांनी बहात्तर आलं. त्याला 'बहात्तरची टंचाई' म्हणणारं कुणी भेटलंय का?

पुढे कागदोपत्री 'टंचाईसदृश', 'दुष्काळसदृश' सुरू झालं. उच्च न्यायालयात विषय गेल्यावर मे 2016 मध्ये त्यातलं 'सदृश' गळालं. थोडा घोळ आपल्या भाषेचाही आहे. पाऊस न पडणं आणि माणसं अन्नावाचून मरणं, आपण दोन्हींना दुष्काळच म्हणतो. पहिल्यासाठी 'अवर्षण' आहे, पण तो पुस्तकात राहिला.

खिलार
मथळा ठरला, 'धान्याचा हक्क'. खाली बारीक अक्षरात कायद्याचं पूर्ण नाव, कारण अर्जात तेच लिहावं लागतं. 'बेगमी' मोह होऊनही गाळला.

आजींना पुन्हा वाचून दाखवलं. त्यांची आता 'भरडधान्या'वर हरकत आहे. कायद्यात गहू-तांदळाच्या जोडीला हा शब्द आहे, म्हणजे आपली ज्वारी-बाजरी. दुकानात मिळतात बहुतेक गहू-तांदूळच, ते वेगळं. "भरड म्हंजे जाडंभरडं दळल्यालं. तसल्या पिठाची भाकरी थापतानाच चिरती. मग ज्वारीला भरड कुणी म्हनलं?"

शब्दवेडी
ज्यांनी भाकरी थापली नाही त्यांनी. हल्ली 'पौष्टिक तृणधान्य' लिहितात, पण गहू आणि भातही तृणधान्यंच की! पत्रकात सरळ 'ज्वारी, बाजरी, नाचणी' लिहा.