जिम्नीला 235/75 आर15 टायर घालायचे आहेत, लिफ्ट किती आणि कुठली घेऊ?

सत्तरीकर
नमस्कार मंडळी. गाडी मारुती जिम्नी, पाच दारांची, मॅन्युअल. घर वाळपईच्या बाजूला. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, जायचा रस्ता कच्चा, जांभ्याचा, आणि पावसाळ्यात ट्रॅक्टर जाऊन जाऊन दोन्ही बाजूला खोल चाकोऱ्या पडतात, मधे वरंबा उभा राहतो आणि त्यावर गाडी खालून घासते, पुढे एक व्हाळ (ओढा) पण आहे. नोकरी मात्र पणजीला, म्हणजे रोज साखळीवरून डांबरी रस्ता. मला 195/80 आर15 काढून 235/75 आर15 मड टेरेन, म्हणजे चिखलाचे खोल खाचांचे टायर, घालायचे आहेत. एक दुकानदार म्हणतो लिफ्टसाठी, म्हणजे गाडी उंच करायला, दोन इंचाचे स्पेसर (स्प्रिंगवर बसणारे ठोकळे) टाका, अर्ध्या दिवसात काम होईल, दुसरा तीन इंचाचं स्प्रिंग आणि शॉकचं पूर्ण किट घ्या म्हणतो. पैशात खूपच फरक आहे. कोणाचं ऐकू?

पाना_नंबर_चौदा
भाऊ, लिफ्टचं नंतर बघू. आधी गाडीखाली वाकून बघा ती नेमकी कुठे घासते. लाल माती कुठे चिकटलीय आणि पत्रा कुठे खरवडलाय, दोन्ही बघा. मधे ट्रान्सफर केसजवळ (चारही चाकांना ताकद वाटणारी पेटी) घासत असेल तर लिफ्ट कामाची, कारण चेसिस वर जाते. पण डिफचा, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गिअरचा, गोळा घासत असेल तर लिफ्ट पाच इंच केली तरी तो तसूभर वर जाणार नाही. जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे सलग ॲक्सल आहे, डिफ त्या ॲक्सलवरच बसतो आणि ॲक्सल जमिनीपासून किती वर ते ठरवतं फक्त टायर. लिफ्ट करून लोक खूश होतात, गाडी रुबाबदार दिसते, आणि पहिल्याच वरंब्यावर डिफ अडकतो.

आता हिशोब. 195/80 ची उंची साधारण 693 मिमी, 235/75 ची 733. फरक 40, त्याचा अर्धा म्हणजे 20 मिमी डिफखाली मिळणार. 215/75 घातले तर 703, म्हणजे जेमतेम 5 मिमी. स्पीडोमीटर 235 वर साधारण सहा टक्के कमी दाखवेल. इंजिनलाही तेवढंच जड जाणार, 134 न्यूटन मीटर टॉर्क तो पण 4000 आरपीएमला, त्यामुळे घाटात एक गिअर खाली राहावं लागेल. आणि कंपनीचं रिम साडेपाच इंच रुंद आहे, 235 ला किमान सहा इंच पाहिजे. त्याचे पैसे धरलेत का?

जुनी_थार_साखळी
स्पेसरला एवढं वाईट म्हणू नका, बजेट नसेल तर माणूस काय करणार. माझ्या जुन्या थारला पुढे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारी सळई) आहे, तो थोडा पिळून घेतला आणि मागे पाट्यांना धरणारे लांब शॅकल टाकले, व्यवस्थित चालते. सत्तरीकर बाब, टायर घासतो का ते बघायचं असेल तर एका चाकाखाली दोन चिरे ठेव, स्टिअरिंग पूर्ण वळव आणि आत लायनरवर, म्हणजे चाकावरच्या आवरणावर, खडू फासून बघ, लगेच कळतं.

पाना_नंबर_चौदा
खडूची आयडिया चांगली आहे पण चिऱ्यावर गाडी चढवू नका कोणी, विनंती आहे. भिजलेला चिरा भाराखाली फुटतो आणि त्यावेळी कोणीतरी खाली वाकून बघत असतो. शेताच्या भक्कम बांधावर तिरकं एक चाक चढवा, तेवढ्याने सस्पेन्शन पुरतं दबतं. स्टिअरिंग आधी एकीकडे आणि मग दुसरीकडे पूर्ण वळवून बघा, कारण सरळ उभ्या गाडीत न घासणारा टायर चाक दाबलं आणि वळवलं की बंपरच्या कोपऱ्याला लागतो.

स्पेसरबद्दल माझा आक्षेप वेगळा आहे. स्प्रिंग तीच, शॉक तोच, फक्त बॉडी वर ढकलली, म्हणजे शॉक उभ्या गाडीतच 50 मिमी उघडलेला. खड्ड्यात चाक लोंबायला हवं तिथे शॉक संपतो, चाक हवेत राहतं आणि धप्प आवाज येतो. सत्तरीकरांच्या चाकोरीत चाक खाली पोचणं महत्त्वाचं आहे, तिथे स्पेसरने तोटाच.

तीन इंच तर अजिबात नको. पुढचा ॲक्सल दोन आर्मनी चेसिसला धरलेला आहे. बॉडी वर गेली की ते आर्म तिरके होतात, ॲक्सल फिरतो आणि कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कललेला कोन, कमी होतो. मग स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, गाडी हायवेवर भरकटते, आणि काही गाड्यांना तर एखादा खड्डा लागला की पुढची चाकं थरथरायला लागतात ती वेग कमी केल्याशिवाय थांबत नाहीत. म्हणून लिफ्टबरोबर तो कोन परत जुळवणारे कॅस्टरचे बुश घ्या. पॅनहार्ड रॉडमुळे (ॲक्सलला आडवं धरणारा दांडा) ॲक्सल थोडा एका बाजूला पण सरकतो, त्यासाठी ॲडजस्टेबल रॉड मिळतो. ब्रेकच्या नळ्या ताणल्या जात नाहीत ना तेही चाक लोंबवून बघायला सांगा. आमच्या ओळखीतल्या एकाला दुकानाने किट बसवून दिलं, अलाइनमेंट न करता गाडी हातात दिली, आणि पुढचे टायर आतल्या बाजूने खाऊन गेले.

फोंडेकर
एक महत्त्वाची गोष्ट राहिलीय. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 बघा, कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही. 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182ए आलं, त्यात मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी बदलावर बोट ठेवणार हे पण धरून चाला. मी घाबरवत नाही, पण रोज पणजीला जाणाऱ्या गाडीवर हे करताय म्हणून सांगतोय. आधी आरटीओत आणि विम्याकडे विचारा, जमलं तर लेखी घ्या.

आणि मड टेरेन नको असं माझं स्पष्ट मत. चिखलात उत्तम, पण पावसात ओल्या डांबरावर ब्रेक मारल्यावर त्यांचा भरवसा नाही. चोर्ला घाटात किंवा अनमोडला पावसात उतरताना तोच टायर हवा जो पाणी बाजूला सारतो. चांगले ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीचे, घ्या. स्पेअर पण त्याच साइजचा लागणार आणि तो मागच्या दारावर लटकतो, दाराच्या बिजागऱ्यांवर वजन वाढतं.

सत्तरीकर
सगळ्यांचे आभार. काल खाली झोपून बघितलं. मागच्या डिफचा रंग पुरता निघालाय, खाली चकचकीत लोखंड दिसतंय. मधे ट्रान्सफर केसच्या गार्डवर नुसती माती, ओरखडा नाही. म्हणजे मला टायरच हवा, लिफ्ट तो बसवण्यापुरती. मग 235/75 ऑल टेरेन, सहा इंची रिम आणि 40 मिमीच्या स्प्रिंग-शॉकचं किट, बरोबर? मऊ स्प्रिंग घेऊ की कडक?

पाना_नंबर_चौदा
बरोबर चाललंय. कडक स्प्रिंग लोखंडी बंपर आणि विंच लावणाऱ्यांसाठी, तुमच्या रिकाम्या गाडीत ती नुसती उडवेल, म्हणून कमी वजनाचीच मागा. रिम घेताना ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) कंपनीच्या जवळपास ठेवा, फार बाहेर काढलं तर वळवताना हमखास घासेल.

बसवल्यावर सगळे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना टाइट करायला सांगा, जॅकवर लोंबत असताना टाइट केले तर बुश पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. पाचशे किलोमीटरनंतर परत एकदा पाना फिरवून अलाइनमेंट करा. व्हाळ पार करता म्हणून डिफच्या ब्रीदरची, म्हणजे हवा सोडायची, नळी वर घेऊन ठेवा, गरम डिफ थंड पाण्यात गेला की आत पाणी ओढतो. चिखलात टायरची हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवा, छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेवा म्हणजे डांबरावर यायच्या आधी परत भरता येईल.

जुनी_थार_साखळी
आणि बाब, आरटीओचं उत्तर येईपर्यंत दोन ट्रॉली खडी आणून त्या चाकोऱ्या भरून घे. चाकोरी चार बोटं वर आली तरी वरंबा डिफला लागत नाही, आणि तुझ्या कुळागरातली सुपारी नेणारी गाडी पण रुतणार नाही.

सत्तरीकर
खडीचं उद्याच सांगतो. किटची ऑर्डर विम्याचं उत्तर आल्यावर.