मदत हवी आहे: फ्लोअरला पत्रा जोडताना भोकं पडायलेत

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. गाडीचा फ्लोअर सडला होता, कापून काढला, आता नवा पत्रा टाकायलोय. सीओटू मशीन (वायर आणि गॅसवरचं वेल्डिंग) आहे. टाका मारला की भोक. करंट खाली आणला तरी तेच, वायरचा स्पीड कमी-जास्त करून बघितला तरी तेच. एक भोक भरायला गेलं की शेजारी दुसरं पडतंय. मृगाच्या आत खालून गाडी बंद करायची आहे, शेड बाजूनं उघडं आहे. सेटिंग किती ठेवू तेवढं लवकर सांगा, बाकी सगळं व्यवस्थित आहे.

टाका_पक्का
असं सेटिंग सांगता येत नाही हो. गाडी कोणती? मशीन किती अँपिअरचं, सिंगल फेज की थ्री फेज? वायर किती जाडीची, गॅसवर चालणारी की बिनगॅसची? पत्रा कोणता, किती गेज? आणि भोक म्हणजे पत्रा जळून आरपार जातोय, की टाक्यातच बारीक छिद्रं दिसतायत? हे दोन वेगळे दोष आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. फोटो टाका.

डेंटरकाका
पातळ पत्र्याला सीओटू लावूच नये. गॅस वेल्डिंग घ्या, बारीक नोझल, पितळेची कांडी आणि सुहागा (टाकणखार). पितळ ९०० अंशांच्या आसपास वितळतं, पत्रा वितळतच नाही, मग भोक कुठून पडेल? जुन्या गाड्यांचे सांधे असेच झालेत आणि टिकलेत.

टाका_पक्का
काका, बॉनेटच्या कडेला किंवा छताच्या सांध्याला पितळ ठीक आहे. फ्लोअरला नाही. गॅसच्या ज्योतीनं वीतभर पत्रा तापतो, थंड होताना आकसतो आणि फ्लोअर ढोलकीसारखा टणटण वाजायला लागतो. शिवाय एकदा पितळ बसलं की त्याच जागी पुढं सीओटूचा टाका धरत नाही, चिरतो. पुढच्या दुरुस्तीचा रस्ता बंद होतो.

डेंटरकाका
घाई केली तरच पत्रा वाकतो. दोन्ही बाजूंना ओल्या चिंध्या ठेवा, दोन इंच झालं की थांबा, हातोडी-डॉलीनं (डॉली म्हणजे मागून धरायचा लोखंडी ठोकळा) तिथल्या तिथं ताणून घ्या. हात बसलेला असेल तर गॅसचा सांधा सीओटूपेक्षा मऊ राहतो. सीओटूचा टाका कडक असतो, घासताना शेजारचा पत्रा पातळ होतो. हे पण सांगा ना त्यांना.

गोदाकाठ
प्रीमियर पद्मिनी आहे, १९८१ ची. मशीन इन्व्हर्टर, २०० अँपिअर, सिंगल फेज. वायर ०.८ एमएम, गॅस लावलेला आहे. पत्रा १८ गेज, चांगल्यातला घेतलाय, परत गंजायचं नाव घेणार नाही असा. फोटो संध्याकाळी टाकतो. आता सेटिंग सांगा.

जीपवाला_बीड
एवढं कशाला करता राव. तीन एमएमची प्लेट टाका आणि १२ नंबर रॉडनं आर्क वेल्डिंग मारा. जिंदगीभर बघायचं काम नाही. आमच्याकडं जीपला सगळे हेच करतात.

टाका_पक्का
जीपला खाली स्वतंत्र चेसिस असते, फ्लोअर फक्त पाय ठेवायला असतो. पद्मिनीला वेगळी चेसिस नाही. फ्लोअर, सिल (दाराखालची लांब पेटी) आणि खांब मिळूनच गाडीचा सांगाडा बनतो. ०.९ एमएमच्या जुन्या पत्र्याशेजारी ३ एमएमची प्लेट लावली तर प्लेट तापेपर्यंत पातळ पत्रा जळून जातो. वजनही बघा: चौरस मीटरला ३ एमएमचं साडेतेवीस किलो, ०.९ एमएमचं सात किलो. आणि जाड प्लेट हलत नसल्यामुळे सगळा ताण तिच्या कडेला येतो, तिथंच जुना पत्रा फाटतो.

वाळूज_फॅब
गोदाकाठ, "परत गंजणार नाही" असा पत्रा म्हणजे जीआय, जस्त चढवलेला, तर नाही ना? पांढरट, चमकदार, वर फुलासारखी नक्षी? आणि काम करताना पंखा किंवा कूलर चालू असतो का?

गोदाकाठ
हो, जीआयच आहे. दुकानदारानं तोच दिला. कूलर तर चालूच असतो, बाहेर ४२-४३ अंश आहे, पत्र्याच्या शेडमध्ये त्याशिवाय उभं राहवत नाही. छिद्रं जास्त करून टाक्यातच आहेत, चाळणीसारखी. जुन्या पत्र्याच्या कडेला मात्र आरपार जातंय. दोन दिवस संध्याकाळी थंडी वाजून ताप येतोय, ऊन लागलं असेल. त्याचा इथं काय संबंध?

वाळूज_फॅब
फार मोठा संबंध आहे. आज मशीन बंद ठेवा आणि हे नीट वाचा.

जीआयवर जस्ताचा थर असतो. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि ९०७ अंशांना उकळतं. लोखंड वितळायला १५०० च्या आसपास लागतात. म्हणजे टाका तयार व्हायच्या आधीच जस्ताची वाफ झालेली असते, ती वितळलेल्या धातूतून बाहेर पडते आणि छिद्रं ठेवून जाते. करंट कितीही बदला, वाफ होणारच. तो पांढरा धूर नाकात गेला की चार ते दहा तासांनी थंडी, ताप, अंगदुखी, तोंडाला धातूची चव. वेल्डिंगवाल्यांना हा ताप माहीत असतो. बहुतेकदा दोन दिवसांत उतरतो, पण छाती भरली किंवा धाप लागली तर डॉक्टरकडे जा आणि जस्ताच्या धुराचं काम केलंय हे आवर्जून सांगा, नाहीतर ते मलेरियाचीच तपासणी करत बसतील.

दुसरं कारण कूलर. टाक्याला हवा लागू नये म्हणून सीओटू सोडायचा आणि कूलरनं तोच उडवून लावायचा, असं चाललंय. काम पहाटे सहा ते दहा करा, वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री लावा. धूर काढायला पंखा हवाच असेल तर तो धूर बाहेर ओढणारा ठेवा, टाक्यावर झोत मारणारा नको.

डेंटरकाका
जस्ताच्या धुरावर दूध आणि गूळ. पूर्वीपासून देतात.

वाळूज_फॅब
काका, धूर फुप्फुसात जातो आणि दूध पोटात. दूध पिऊन कुणी बिनधास्त जीआय जोडत असेल तर नुकसान जास्त होतं. एन-९५ मास्क घाला, हेल्मेटच्या आत बसतो. ओल्या रुमालानं हा धूर अडत नाही.

नियमावली
गाडी १९८१ ची आहे म्हणता, तर व्हिंटेज नोंदणी करून घ्या. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला, नंबरात 'व्हीए' येतं, पहिल्या नोंदणीचे २०,००० रुपये, नंतर फेरनोंदणीला ५,०००.

काळी_माती
त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण व्हावी लागतात. ही गाडी २०३१ च्या आधी त्यात बसत नाही. तोवर नेहमीची फेरनोंदणी, पाच-पाच वर्षांची. शिवाय व्हिंटेज गाडी रोज वापरायला परवानगी नाही. यातलं कामाचं एवढंच की बॉडी मूळ स्वरूपात हवी असते, म्हणून कापण्याआधीचे आणि नंतरचे फोटो जपा आणि चेसिस नंबर जिथं ठोकलाय तिथं ग्राइंडर लावू नका.

गोदाकाठ
नोंदणीचं नंतर बघू. जीआय फेकून द्यायचा का मग? पैसे गेले ना. घासून चालणार नाही का?

वाळूज_फॅब
घासून चालतो, पण दोन्ही बाजूंनी, सांध्यापासून किमान एक इंच, फ्लॅप डिस्कनं, लोखंडाचा राखाडी रंग दिसेपर्यंत. खालची बाजू विसरली की पुन्हा छिद्रं. ॲसिडनं जस्त काढू नका, हायड्रोजन सुटतो आणि शेजारीच ठिणग्या. माझं मत विचाराल तर जीआय दुसऱ्या कामाला ठेवा आणि २० गेजचा सीआर (थंड लाटलेला, बिनजस्ताचा) पत्रा आणा. २० गेज म्हणजे ०.९ एमएम, मूळ पत्र्याच्या जवळचा. १८ गेज १.२ एमएम असतो, जुन्या झिजलेल्या पत्र्याला तो जड पडतो. एमआयडीसीतल्या पत्रा कापणाऱ्या युनिटमध्ये सीआरचे तुकडे किलोवर मिळतात आणि नळ्या-कंगोरेही तिथंच बेंडिंगवर काढून घेता येतात. सपाट पत्रा टाकू नका, त्या कंगोऱ्यांमुळेच फ्लोअर ताठ राहतो.

टाका_पक्का
आता आरपार भोकांचं. जुना पत्रा कुठवर कापलाय? गंज दिसत नाही तिथपर्यंत की हातोडीला ठणठणीत लागतो तिथपर्यंत? छिन्नीच्या टोकानं टोचून बघा. टोक रुतत असेल तर अजून मागं कापा, अर्ध्या एमएमच्या पापुद्र्यावर कुणाचाही टाका बसत नाही. दोन्ही बाजूंनी २० एमएम चकचकीत करा. खालचं डांबर आणि वरचा नमदा हातभर लांबपर्यंत काढा, तेच पेटतं. पुसायला थिनर किंवा ॲसिटोन घ्या आणि पूर्ण वाळू द्या. क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर अजिबात नको, आर्कखाली त्याचा विषारी वायू होतो.

सेटिंग: टॉर्च प्लसवर, क्लॅम्प मायनसवर. ०.८ वायरला ४० ते ६० अँपिअर, १५ ते १६.५ व्होल्ट, गॅस मिनिटाला ८ ते १० लिटर, नोझलबाहेर वायर ८-१० एमएम. आधी त्याच जाडीच्या तुकड्यावर जमवा, मग गाडीवर. ०.६ वायर मिळाली तर अजून सोपं. शुद्ध सीओटूऐवजी ८० टक्के आर्गोन, २० टक्के सीओटू असं मिश्रण मिळालं तर पातळ पत्र्याला बरंच मऊ चालतं.

सलग ओढायचं नाही. पत्रे समोरासमोर, मध्ये कटिंग डिस्कएवढी म्हणजे १ एमएम फट. दर २५-३० एमएमवर एक टाका, पुढचा टाका समोरच्या बाजूला. मग दोन टाक्यांच्या मध्ये एक, असं करत फट भरायची. प्रत्येक टाका सेकंदभर, लाली गेल्याशिवाय शेजारी दुसरा नाही. मागून तांब्याची पट्टी दाबून धरा. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडं जुना बसबार मिळतो, नाहीतर तांब्याची नळी ठोकून सपाट करा. तांबं उष्णता ओढून घेतं आणि टाका त्याला चिकटत नाही.

काळी_माती
लाइटचं कुणी विचारलं नाही. आर्क चालू असताना प्लगवर किती व्होल्टेज राहतं ते मोजा, नुसतं बसल्या वेळचं नको. १८०-१९० वर पडत असेल तर आर्क कमी-जास्त होत राहणार आणि तुम्ही नॉबच फिरवत बसणार. वायर लांबून आणली असेल तर ४ स्क्वेअर एमएम तांब्याची घ्या आणि गुंडाळी पूर्ण उलगडा.

टाका_पक्का
गोदाकाठ, एक फार महत्त्वाचं. फक्त फ्लोअरच कापलाय ना? सिल शाबूत आहेत?

गोदाकाठ
डावी सिल पण कापली आहे, ती पूर्ण गेली होती. गाडी मधोमध दोन जॅकवर आहे. आता डावं पुढचं दार वर उचलून लावावं लागतंय, बिजागरी ढिली झाली असेल.

टाका_पक्का
बिजागरी नाही, गाडी वाकली आहे. एकही टाका पुढं मारू नका. गाडी मधल्या जॅकवरून उतरवा, चारही कोपऱ्यांवर ॲक्सलजवळ आणि पुढच्या सस्पेन्शनखाली स्टँड लावा. पुढच्या-मागच्या टोकांखाली थोडं थोडं उचलत दाराच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या येतात का बघा. उजव्या बाजूच्या दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, डावीकडं तेच माप यायला हवं. जमलं की २५ बाय २५ चा स्क्वेअर पाइप पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत टाक्यावर धरा, एक आडवा आणि एक तिरपा. मग सिल, आणि फ्लोअर त्याच्यानंतर. उजव्या सिलला डावी पूर्ण झाल्याशिवाय हात लावू नका. गाडी वाकडी असतानाच पाइप धरून सिल जोडली तर दार कधीच बसणार नाही.

बॅटरीच्या दोन्ही वायरी काढल्यात ना? पेट्रोलची आणि ब्रेकची पाइप फ्लोअरखालून जाते, ती बाजूला बांधा. टाकी उतरवून लांब ठेवा. रिकामी टाकी वाफेमुळे भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते.

जीपवाला_बीड
सगळं झाल्यावर खालून डांबर मारा आणि सिलमध्ये जळकं इंजिन ऑइल ओता. गंज जवळ येत नाही.

रंगारी
दोन्हीला माझा विरोध आहे. डांबर वाळून तडकतं, तड्यातून पाणी आत जातं आणि बाहेर निघत नाही, आतल्या आत पत्रा खातं. जळकं ऑइल रबरी बुश फुगवतं आणि ब्रेकवर ठिबकतं. क्रम असा ठेवा: एकावर एक येणाऱ्या पत्र्यांच्या आतल्या बाजूंना वेल्डिंगआधी झिंकचा वेल्ड-थ्रू प्रायमर, टाक्याच्या जागी तेवढा खरवडून. वेल्डिंगनंतर टू-पॅक इपॉक्सी प्रायमर, त्यावर सांध्यांना पीयू सीलंट, मग अंडरकोट. सिलच्या आत सगळ्यात शेवटी कॅव्हिटी वॅक्स, लांब नळीनं. वॅक्स आधी मारलं तर टाका मारताना पेटतं. सिलची खालची पाण्याची भोकं उघडी ठेवा, सीलंटनं बुजवू नका. फ्लोअरवर लांबी (पुट्टी) भरून सपाट करायचा मोह टाळा.

काळी_माती
आणि पाणी आलं कुठून ते शोधा, नाहीतर हाच फ्लोअर परत सडेल. पुढच्या काचेचं रबर कडक झालं की पाणी डॅशबोर्डमागून मॅटखाली उतरतं. चाकाच्या कमानीत आपली काळी माती चिकटून बसते, पावसाळा संपला तरी आत ओल धरून ठेवते. मडगार्ड आणि सिल जिथं मिळतात तो कोपरा हातानं उकरून धुवा.

गोदाकाठ
कूलर बंद करून, जीआय दोन्हीकडून घासून तुकड्यावर मारलं. छिद्रं गेली. सीआर सांगितलाय, परवा येतो. स्टँड लावून दार सारखं केलं, खाली तीन एमएम फरक राहिलाय, तो काढतो. आता मागं बघितलं तर पाट्यांचा (लीफ स्प्रिंगचा) पुढचा हँगर जिथं बॉडीला लागतो तिथंही स्क्रू-ड्रायव्हर आत जातोय. तिथंपण २० गेजच चालेल का?

वाळूज_फॅब
नाही. तिथं मागच्या ॲक्सलची सगळी ओढ येते. बाहेरचा पत्रा १.२ आणि आतून २ एमएमचं रीइन्फोर्समेंट, मूळ थर जितके होते तितके. कडेनं नुसती शिलाई पुरत नाही, वरच्या थराला ८ एमएमची भोकं पाडून २५-३० एमएम अंतरावर प्लग टाके मारा, ८० ते १०० अँपिअरवर, खालचा थर वितळलाय याची खात्री करून. पाटे आणि रबरी बुश आधी काढा. कापण्याआधी पुढच्या एका पक्क्या बोल्टपासून हँगरच्या बोल्टपर्यंत दोन्ही बाजूंचं माप लिहून ठेवा. डावं-उजवं पाच एमएमनं जरी चुकलं तरी ॲक्सल तिरका बसतो आणि गाडी सरळ चालत नाही. हे काम सिल आणि फ्लोअर झाल्यावरच. आणि इथलं व्होल्टेज पुरत नसेल तर ही एक जागा थ्री फेज मशीनवाल्याकडून करून घ्या.