व्हिएतनामचं बिल कुणी भरलं? (‘युद्धानं अमेरिकेचं काही बिघडलं नाही’ या लेखाला उत्तर; मंचावरची चर्चा, प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

जमाखर्च

परवाच्या लेखाचं म्हणणं थोडक्यात असं: १९६९ साली अमेरिकेत बेकारी ३.५ टक्के होती, कारखाने जोरात चालू होते, संरक्षणखर्च जीडीपीच्या ९ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे कोरियाच्या वेळेपेक्षाही कमी. तेव्हा व्हिएतनामची घरात मोजावी लागलेली किंमत हा विद्यार्थ्यांनी आणि वर्तमानपत्रांनी उठवलेला बागुलबुवा आहे. वाचून राहवलं नाही, आणि प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा काढतोय.

बेकारी इतकी खाली होती हेच तर दुखणं आहे. १९६५ च्या मध्यावर फौजा मोठ्या संख्येनं जाऊ लागल्या तेव्हाच अर्थव्यवस्था जवळजवळ पूर्ण क्षमतेनं चालली होती. १९६४ ची करकपात नुकती कुठे मुरत होती. माणसं आणि यंत्रं रिकामी असताना सरकारनं खर्च वाढवला तर उत्पादन वाढतं. ती कामात गुंतलेली असताना वाढवला तर भाव वाढतात. महागाई १९६५ ला १.६ टक्के, ६६ ला २.९, ६८ ला ४.२, ६९ ला ५.५. हा आलेख लेखकानं पाहिलाच नाही की पाहून सोडून दिला?

आणि हे कुणाला कळलं नव्हतं असंही नाही. आर्थिक सल्लागार मंडळाचे प्रमुख गार्डनर अ‍ॅकली यांनी डिसेंबर १९६५ मध्येच कर वाढवा म्हणून सांगितलं होतं. राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी टाळलं. कर मागायचा तर काँग्रेसपुढे (अमेरिकेच्या संसदेपुढे) युद्धाचा खरा आकडा ठेवावा लागतो, आणि आकडा ठेवला की पहिली कुऱ्हाड ‘ग्रेट सोसायटी’ या त्यांच्या समाजकल्याणाच्या योजनांवर पडते. मग जानेवारी १९६६ च्या अंदाजपत्रकात युद्ध ३० जून १९६७ ला संपेल असं गृहीत धरलं. एका तारखेनं केवढं काम केलं बघा. विमानं, सुटे भाग, दारूगोळा हे सगळं कित्येक महिने आधी मागवावं लागतं. तारीख कापली की त्यानंतरच्या गरजेची मागणी आपोआप कागदावरून गेली. खर्च दाखवला सुमारे १० अब्ज डॉलर, झाला २० अब्जांच्या घरात. फरक पुरवणी मागण्यांतून.

कर नाही म्हटल्यावर ब्रेक लावायचं काम एकट्या फेडवर, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेवर, आलं. डिसेंबर १९६५ मध्ये फेडनं व्याजदर ४ वरून ४.५ केला, तर जॉन्सननी फेडचे अध्यक्ष मार्टिन यांना टेक्सासच्या रँचवर बोलावून खडसावलं. १९६६ मध्ये बाजारातले दर चढले, पण बँकांच्या ठेवींच्या व्याजाला कायद्यानं कमाल मर्यादा, आणि सप्टेंबरपासून बचतसंस्थांच्याही. लोकांनी बचतसंस्थांतून पैसे काढून सरकारी रोख्यांत घातले. या संस्था गृहकर्जांवर चालणाऱ्या. त्यांच्याकडे द्यायला पैसा उरला नाही. १९६५ ला १४ लाखांहून जास्त घरांची कामं सुरू झाली होती, १९६६ ला ती १२ लाखांच्या खाली. युद्धाचा पहिला हप्ता गवंडी-सुतारांनी आणि घर घेऊ पाहणाऱ्या जोडप्यांनी भरला. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

सडेतोड

लेख माझाच आहे, म्हणून उत्तर देणं आलं.

तुमचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे: खर्च लपवला म्हणून किंमत मोजावी लागली. मग अध्यक्ष ट्रूमनचं काय? कोरियाच्या युद्धात १९५० आणि १९५१ मध्ये रीतसर कर वाढवले, कंपन्यांच्या जादा नफ्यावर वेगळा कर लावला. एवढा प्रामाणिकपणा करून पदरात काय पडलं? ११ मार्च १९५२ ला न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या) निवडणुकीत ते स्वपक्षाच्याच केफॉवर यांच्याकडून हरले आणि २९ मार्चला ‘पुन्हा उभा राहणार नाही’ म्हणून जाहीर केलं. सोळा वर्षांनी जॉन्सननी खर्च लपवला. १२ मार्च १९६८ ला त्याच राज्यात स्वपक्षाच्याच मॅकार्थींनी त्यांना ४९ विरुद्ध ४२ वर आणलं, ३१ मार्चला तीच घोषणा. सांगूनही गेले, लपवूनही गेले. लोकांना रेंगाळणारं युद्ध नको असतं, बिलाच्या कागदाशी त्यांना घेणं नसतं.

दुसरं, सत्तरच्या दशकातल्या महागाईचं खापर व्हिएतनामवर फोडणं ही जुनी खोड आहे. १९७३ ची तेलाची भाववाढ, धान्याचे भाव, १९७२ च्या निवडणुकीआधी फेडचे तेव्हाचे अध्यक्ष बर्न्स यांनी सैल सोडलेला पैसा, हे सगळं कुठे गेलं? जुलै १९६६ ला मेडिकेअर (वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा) सुरू झालं, तो खर्च धरणार की नाही?

जमाखर्च

ट्रूमनचा मुद्दा बिनतोड आहे, नाखुशीनं का होईना मान्य करतो. करानं अध्यक्ष वाचत नाही. पण भाव वाचतात. १९५१ ला महागाई ८ टक्क्यांच्या जवळ होती, १९५२ ला २ च्या खाली, ५३ ला १ च्याही खाली. त्यात भाव-मजुरी नियंत्रणाचा वाटा होता हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणतो. तरी कराशिवाय ते जमलं नसतं.

तेलाबद्दल: मी दिलेले सगळे आकडे १९६९ पर्यंतचे आहेत. तेल चार वर्षांनी आलं. ऑगस्ट १९७१ ला निक्सननी भाव-मजुरी गोठवली तेव्हाही तेल आलेलं नव्हतं. दुसऱ्याच वर्षाचा गुन्हा पुढे करून हे वर्ष सोडवता येणार नाही.

तळटीप

अधिभाराचं कुणी बोललंच नाही, आणि खरी गंमत तिथे आहे.

जॉन्सननी जानेवारी १९६७ मध्ये ६ टक्के अधिभार मागितला, ऑगस्टमध्ये तो १० वर नेला. हा करावरचा कर: तुमचा आयकर १,००० डॉलर निघाला तर ११०० भरा. तळच्या उत्पन्नगटांना सूट. प्रतिनिधिगृहाच्या करविषयक ‘वेज अँड मीन्स’ समितीचे अध्यक्ष विल्बर मिल्स अडून बसले, आधी खर्चात कपात दाखवा म्हणून. दीड वर्ष गेलं. २८ जून १९६८ ला सही झाली तेव्हा सोबत ६ अब्जांची कपात होती. व्यक्तींना तो १ एप्रिलपासून लागू, म्हणून १९६८ च्या वर्षाला प्रत्यक्षात ७.५ टक्केच पडला.

तिजोरीपुरता उपयोग झाला. १९६८ च्या आर्थिक वर्षात २५ अब्जांची तूट होती, १९६९ ला ३ अब्जांची शिल्लक; त्यानंतर शिल्लक दिसायला १९९८ उजाडलं. महागाई मात्र हटली नाही. कर तात्पुरता आहे हे लोकांना ठाऊक होतं. त्यांनी खरेदी तशीच ठेवली आणि बचत कमी केली. त्यात मंदी येईल या धास्तीनं फेडनं ऑगस्ट १९६८ मध्ये व्याजदर थोडा उतरवला. एकानं ब्रेक दाबला, दुसऱ्यानं पाय काढला.

मार्च १९६८ चे दिवस नुसते क्रमानं वाचा. १० तारखेला आणखी २,०६,००० सैनिकांच्या मागणीची बातमी फुटली. १२ ला न्यू हॅम्पशायर. १५ ला लंडनचा सोनेबाजार बंद ठेवावा लागला, कारण ३५ डॉलर औंसानं सोनं पुरवणं मध्यवर्ती बँकांना झेपेना. १७ ला दोन भावांची व्यवस्था आली, बँकांत एक भाव आणि खुल्या बाजारात दुसरा. ३१ ला जॉन्सन थांबले. आणखी फौज म्हणजे आणखी डॉलर बाहेर, म्हणजे सोन्यावर आणखी ताण. घरचं राजकारण आणि चलन एकाच महिन्यात एकाच गळ्याशी आलं.

एकशेपंच्याण्णव

तुम्ही तिघंही डॉलर मोजताय. सर्वांत मोठा कर अंदाजपत्रकात नव्हताच, तो सक्तीच्या भरतीत होता. बाहेर नोकरी करून जो मुलगा कितीतरी जास्त कमावला असता त्याला शिपायाच्या तुटपुंज्या पगारावर दोन वर्षं ठेवलं. दोन्हींतला फरक हा त्याच्यावरचा कर. स्वेच्छेच्या फौजेचा विचार करायला नेमलेल्या गेट्स आयोगानं १९७० मध्ये हेच मांडलं. १९६४ ला सुमारे १,१२,००० जणांना उचललं, १९६६ ला ३,८२,०००.

आणि हा कर सगळ्यांवर नव्हता. कॉलेजात असाल तर २-एस, मुलं असतील तर ३-ए, वैद्यकीय दाखला मिळाला तर ४-एफ, उरलेले १-ए, म्हणजे भरतीला पात्र. सुमारे ४,००० स्थानिक मंडळं, प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी. मोठ्यांना आधी उचलायची पद्धत, त्यामुळे अठराव्या वर्षी नाव नोंदवलेला मुलगा सव्विशी उलटेपर्यंत टांगलेला. १-ए शिक्का असलेल्याला नोकरीवर घ्यायला मालक कचरायचे. वरून ऑक्टोबर १९६६ ला संरक्षणमंत्री मॅक्नामारांनी भरतीच्या चाचणीची पातळीच खाली आणली आणि त्या वाटेनं १९७१ पर्यंत साडेतीन लाखांच्या आसपास मुलं घेतली. कॉलेजातल्यांना हात लावायचा नव्हता म्हणून!

सडेतोड

म्हणूनच १ डिसेंबर १९६९ ला भरतीचा क्रम ठरवणारी लॉटरी आली ना? एका वर्षाचा धोका, मग मोकळे. तक्रार कसली?

एकशेपंच्याण्णव

लॉटरीचं नाव काढलंत ते बरं झालं. ३६६ निळ्या कुप्या, प्रत्येकीत एक जन्मतारीख. आधी जानेवारीच्या कुप्या पेटीत टाकल्या, मग फेब्रुवारीच्या टाकून दोन्ही मिसळल्या, मग मार्चच्या, अशा क्रमानं. म्हणजे जानेवारीच्या कुप्या पुन्हा पुन्हा ढवळल्या गेल्या, डिसेंबरच्या जेमतेम एकदा. नंतर पेटी काचेच्या भांड्यात ओतली आणि हात वरच्यावर फिरला. निकाल: जानेवारीच्या तारखांचा सरासरी क्रमांक २०१, डिसेंबरच्या तारखांचा १२१-१२२. क्रमांक जितका लहान तितकं बोलावणं आधी, आणि त्या वर्षी ते १९५ पर्यंत गेलं. डिसेंबरात जन्मलेल्या मुलांवर धडधडीत अन्याय झाला, तोही न्यायाच्या नावानं. जुलै १९७० च्या सोडतीत दोन वेगळी पिंपं ठेवली, एकात तारखा, दुसऱ्यात क्रमांक. सात महिन्यांत सुचलं ते आधी का नाही सुचलं?

जमाखर्च

भाऊ, धागा खर्चाचा आहे. कुप्यांवर स्वतंत्र लिहा, आवडीनं वाचेन.

एकशेपंच्याण्णव

हा खर्चच आहे. तुमच्या वहीत त्याला रकाना नाही हा वहीचा दोष. जॉन्सननी आकडा लपवला म्हणून तुम्ही चिडता, आणि ज्यांच्या आयुष्यातून तो वसूल झाला त्यांना ‘स्वतंत्र लिहा’ सांगता?

सडेतोड

मग आनंद माना, १९७३ ला सक्ती संपली, पगार वाढवून स्वेच्छेची फौज उभी राहिली. ही किंमत नव्हे, सुधारणा आहे.

तळटीप

सुधारणा खरी, पण त्यामुळे पुढची युद्धं मतदाराच्या दारात येईनाशी झाली. इराकच्या वेळी ना भरती होती ना अधिभार. २००१ आणि २००३ मध्ये उलट कर कमी केले आणि युद्ध बरीच वर्षं तातडीच्या पुरवणी तरतुदींवर, कर्ज काढून चालवलं. तरी नोव्हेंबर २००६ ला रिपब्लिकनांनी दोन्ही सभागृहं गमावली आणि दुसऱ्याच दिवशी संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांचा राजीनामा जाहीर झाला. म्हणजे सडेतोड यांचं एक म्हणणं टिकतं: बिल दाखवा न दाखवा, नकोसं युद्ध मतपेटीत वसूल होतं.

पण हिशेब तिथे थांबत नाही. व्हिएतनामचा लष्करी खर्च तेव्हाच्या डॉलरमध्ये १११ अब्ज धरतात. त्यात माजी सैनिकांचा औषधोपचार आणि अपंगत्वाचं वेतन नाही. एजंट ऑरेंज या युद्धात फवारलेल्या विषारी तणनाशकाचा कायदा १९९१ चा. युद्धामुळे झाले असं गृहीत धरायच्या आजारांच्या यादीत मधुमेह २००१ ला आला, उच्च रक्तदाब थेट २०२२ ला. अमेरिकन यादवी युद्धातल्या एका सैनिकाच्या मुलीला महिना ७३.१३ डॉलर निवृत्तिवेतन २०२० पर्यंत चालू होतं. तेव्हा १९६९ ची बेकारी दाखवून ‘काही बिघडलं नाही’ म्हणणं म्हणजे सामना मध्यंतराला संपला म्हणण्यासारखं आहे.

सडेतोड

माजी सैनिक धरा, माझी हरकत नाही. माझ्या लेखात ते सुटले होते. पण धरायचेच तर नीट धरा. १९६८ चा डॉलर आणि २०२२ चा डॉलर एका बेरजेत घालू नका. तेच १११ अब्ज २०११ च्या किमतीत ७३८ अब्ज होतात. आणि पासष्टी उलटलेल्या माणसाचा रक्तदाब युद्धामुळे किती आणि वयामुळे किती, हे कायदा गृहीत धरतो, सिद्ध करत नाही.

जमाखर्च

गृहीत धरतो हे खरं, आणि पैसे तिजोरीतून जातात हेही खरं. मी खर्च मोजतोय, निदान करत नाहीये. दरवर्षीची रक्कम त्या वर्षीच्या जीडीपीच्या टक्क्यांत मांडतो, म्हणजे डॉलरचा वाद मिटेल. एकशेपंच्याण्णव, भरतीचा रकानाही घालतो. गेट्स आयोगाची मोजायची रीत तुम्ही पायरीपायरीनं लिहून द्या, कुप्या वगळून.