एकट्या बरोचं जेतेपद?

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधलं एलएसयूचं (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) २०१९ चं जेतेपद म्हणजे एकट्या जो बरोची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या त्यांच्या क्वार्टरबॅकची करामत, असं काही जण म्हणतात. अर्धंच पटलं. त्या हंगामात ६० टचडाऊन पास (ज्यांवर थेट टचडाऊनचे गुण मिळतात असे पास) म्हणजे खायचं काम नाही, मान्य. पण हाच गडी आदल्या वर्षी याच संघात १६ वर थांबला होता. मधल्या काळात न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघाकडून जो ब्रेडी हा प्रशिक्षक आला आणि पासिंगचा सगळा खेळच बदलला. शिवाय झेलायला जामार चेस आणि जस्टिन जेफरसन, दोघे एकाच कॉलेजात! लॉटरीच की.

ब्रेडीचं कौतुक सगळे करतात, पण ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमणाची जबाबदारी असलेले प्रशिक्षक, होते स्टीव्ह एन्समिंगर. ओक्लाहोमाविरुद्धच्या उपांत्य सामन्याच्या काही तास आधी त्यांची सून विमान अपघातात गेली. तरी ते कामावर बसले, आणि बरोने पहिल्या हाफमध्येच सात टचडाऊन पास टाकले. शेवटी ६३-२८. आणि प्रतिस्पर्ध्यांना अडवून बरोला चेंडू फेकायला वेळ मिळवून देणारी ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे पुढची फळी? त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम लाइनचा जो मूर पुरस्कार तिलाच मिळाला. पण एकट्या बरोचं श्रेय म्हणणारे तिचं नावही काढत नाहीत.