लॉनची कड मारायला ग्राइंडरचा जुगाड: गार्ड काढून काम करणं बंद व्हायला हवं

बागकरी, विजापूर रोड:
लग्नसराई तोंडावर आली की सोलापुरात होटगी रोड, अक्कलकोट रोडच्या मंगल कार्यालयांत लॉनची कामं एकदम निघतात. गवत कापून झालं की कड मारायची, म्हणजे पेव्हर ब्लॉकवर चढलेली हरळी सरळ रेषेत छाटायची. त्यासाठी एक जुगाड हल्ली दिसायला लागलाय. चार इंची ग्राइंडर, म्हणजे लोखंड घासायचं-कापायचं हातातलं मशीन, क्लॅम्प मारून तीन-चार फुटी पाइपाला बांधायचा आणि त्यावर लाकूड कापायचं सात इंची पातं चढवायचं. ते गार्डमध्ये, म्हणजे पात्यावरच्या संरक्षक झाकणात, मावत नाही, म्हणून गार्ड काढून टाकायचा. बटणापर्यंत हात पोचत नाही, म्हणून ते चिकटपट्टीनं दाबूनच ठेवायचं. मशीन थांबवायचं तर प्लग उपटायचा.

मला हे अजिबात मान्य नाही. चार इंची ग्राइंडर मोकळा फिरताना मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. सात इंची पातं ज्या लाकूडकापणी मशीनसाठी बनतं, ते ५,००० च्या आसपास फिरतं. ११,००० फेऱ्यांना त्या पात्याची कड सेकंदाला १०० मीटरच्या पुढे धावते, म्हणजे ताशी ३६० किलोमीटरच्या वर. पेव्हरला लागून एक दात तुटला तर तो कुणाच्या डोळ्यात जाईल? शेजारी मांडववाले राबत असतात, त्यांची पोरं तिथंच खेळत असतात.

लॉनवाला, जुळे सोलापूर:
साहेब, तुम्ही एकदा मे महिन्यात कड मारून बघा. आपली काळी माती उन्हात दगडासारखी होते. घासकापणी मशीनची नायलॉन दोरी पेव्हरला घासली की झिजते, मग परत थांबा, परत दोरी ओढा. कडेसाठीचं तयार मशीन परवडत नाही, आणि मोडलं तर पार्ट कुठून आणायचे? ग्राइंडरच्या मोटरमधला झिजणारा कार्बन ब्रश कुठल्याही दुकानात मिळतो. मालक सकाळी फोन करून म्हणतो, संध्याकाळी हळद आहे, लॉन तयार पाहिजे. पोट या कामावर आहे ओ. आम्ही हौसेनं करत नाही.

लेथवाला, अक्कलकोट रोड:
दोघांशीही थोडा वाद घालतो. बदल केला म्हणजे धोका आलाच, हे बागकरींचं म्हणणं मला पटत नाही. दांडा लांब करणं, खाली एक चाक लावणं, दुसऱ्या हाताला मूठ देणं, ही कामं आम्ही करून देतो आणि त्यानं मशीन आवरायला सोपं जातं.

पण पात्याच्या बाबतीत नाही म्हणजे नाही. सात इंची पात्याचं भोक मोठं, चार इंची ग्राइंडरचा शाफ्ट बारीक. मधली जागा पत्र्याची पट्टी गुंडाळून भरलेली मी पाहिली आहे. तसं पातं मध्यावर बसत नाही, थरथरतं, आणि त्या थरथरीनं नट सुटतो. घासकापणी मशीनचं दुखणं वेगळं. तिथं बहुतेक मशीनच्या नटाला उलटे आटे असतात, म्हणजे फिरताना नट आवळत जावा. कुणी घरी वेल्डिंग करून सुलट्या आट्यांचा अडॅप्टर बसवला, तर तोच नट काम करता करता ढिला होतो.

दोरीच्या मशीनचा गार्ड काढणाऱ्यांनाही एक सांगतो. त्या गार्डला आत छोटी सुरी असते, ती दोरी ठरलेल्या लांबीला कापते. गार्ड गेला की दोरी लांब राहते, इंजिनावर लोड येतो, क्लच तापतो. मशीनही जातं आणि खडीही पायावर येते.

बागकरी, विजापूर रोड:
दांडा आणि चाकाचं मान्य, माझा विरोध फिरणाऱ्या भागाला आहे. दोरीऐवजी साखळीचे तुकडे लावायचा प्रकारही यातलाच. ब्रिटनमध्ये २०१० साली अशा साखळीची कडी तुटून उडाली आणि एक माणूस दगावला. त्यानंतर जानेवारी २०१२ मध्ये युरोपियन कमिशननं हातात धरायच्या घासकापणी मशीनसाठी असे साखळीचे जोड विकायलाच बंदी घातली. तो तर कंपनीनं बनवलेला माल होता! आपण वेल्डिंगच्या दुकानात बनवतो.

लॉनवाला, जुळे सोलापूर:
युरोपचं इथं सांगून काय उपयोग? तिथं मजुराला बूट, चष्मा, सगळं मालक देतो. इथं मालक एका लॉनचे शंभर रुपये वाढवायला तयार नाही. आधी त्यांना सांगा.

वायरमन, सात रस्ता:
मालकाला सांगायलाच पाहिजे, कारण वीज त्याची असते. सकाळी लॉनला पाणी मारलेलं, त्यावर जोड मारलेली वायर, जोडावर नुसती टेप, आणि त्याच्या टोकाला हा ग्राइंडर. ग्राइंडर डबल इन्सुलेटेड, म्हणजे आत दुहेरी वीजरोधक आवरणाचा, असला तरी ओल्यात वापरायला बनलेला नाही. पाती उघडी असली की पहिली कापली जाते ती स्वतःचीच वायर. कार्यालयाच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, नसेल तर मी माझ्या माणसाला तिथं प्लग लावू देत नाही. जादा लोड आला की पडणारा साधा एमसीबी माणसाला वाचवत नाही, तो वायरिंगसाठी असतो.

शेतकरीण, मोहोळ रोड:
तुमच्या वादात हाताच्या हत्याराचं कुणीच बोलंना. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून लोहाराकडून अर्धगोल पातं काढून घ्या, वर पायानं दाबायला पट्टी, आडव्या मुठीचा दांडा. आमच्याकडं झाडांना आळी करायला असलंच हत्यार वापरतात. फक्त माती वाळून टणक झाल्यावर जायचं नाही. पाणी द्या, वाफसा येऊ द्या, मग पायाच्या वजनानं पातं सरळ आत जातं. कड एकदा खोल मारली की हरळी लवकर बाहेर येत नाही. बूट मात्र जाड पाहिजे, चपलेवर नको.

लॉनवाला, जुळे सोलापूर:
ताई, वाफसा येईपर्यंत हळद होऊन जाईल. पण ज्यांचं वर्षाचं काम आहे, तिथं हे चालेल, करून बघतो. पातं परत चार इंचीच लावतो, गार्डसकट. चिकटपट्टीचं मात्र सांगा, बटण धरून दिवसभर वाकायचं कसं?

लेथवाला, अक्कलकोट रोड:
वाकायचं नाही. चिकटपट्टी काढा आणि मशीन घेऊन या. दांड्याच्या वरच्या टोकाला दाबून धरायचा स्विच देतो, हात सुटला की करंट बंद. वायर पाइपाच्या आतून घेऊ, म्हणजे पात्याजवळ लोंबणार नाही. जोडणी वायरमनभाऊंकडून तपासून घ्या. गार्ड सोबत आणा, तो बसल्याशिवाय मी मशीन परत देणार नाही.

बागकरी, विजापूर रोड:
चष्मा आणि बूट मालकाकडून वसूल करा, कामाच्या दरात धरूनच सांगा. घासकापणी मशीनच्या पुस्तकात इतरांना १५ मीटर लांब ठेवा असं लिहिलेलं असतं. मांडववाल्यांना तेवढा वेळ बाजूला करायचं काम कार्यालयाच्या मॅनेजरचं आहे. आमच्या भागातल्या दोन कार्यालयांशी मी या आठवड्यात बोलतोय. तुमच्या ओळखीच्या मालकांशी तुम्ही बोलणार का?