ताराबाईंचा ‘साहसी’ म्हणजे नेमका कोण?

गोदाकाठ :
मंडळी, अडकले आहे, सोडवा. आमच्या कॉलेजात ताराबाई शिंद्यांवर भित्तिपत्रक करायचंय. ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे नाव सगळ्यांना पाठ. पण १८८२ च्या मूळ पुस्तकावर त्याखाली लांबलचक शेपूट आहे : ‘अथवा स्त्रिया व पुरुष यांत साहसी कोण हें स्पष्ट करून दाखविण्याकरितां हा निबंध’. मुलांनी ‘साहसी’ वाचलं आणि चित्र काय काढलं, तर एकीकडे दोर धरून कडा चढणारी बाई आणि दुसरीकडे पायथ्याशी धापा टाकत बसलेला पुरुष. चित्र झकास आहे, वाद नाही. मी म्हटलं, अरे, इथे साहसी म्हणजे शूर नव्हे. तर आमच्याच विभागातले एक सर म्हणतात, ‘‘मराठीत साहसीला दुसरा अर्थच नाही.’’ आता मला चौकटीत लिहायला आजच्या पोरांना कळेल असा एकच शब्द हवाय. ‘दुराचारी’ जड वाटतो, ‘अविचारी’ अगदीच गुळगुळीत. काय लिहू?

नारायणपेठी :
तुमच्या सरांना माझा नमस्कार सांगा आणि मनुस्मृतीचा आठवा अध्याय उघडायला सांगा. राजासमोर येणाऱ्या भांडणांची जी अठरा व्यवहारपदं आहेत, त्यांत ‘स्तेयं च साहसं चैव स्त्रीसंग्रहणमेव च’ अशी ओळ आहे. म्हणजे चोरी, साहस आणि परस्त्रीशी संबंध, सगळे एका रांगेत. साहसाची व्याख्याही तिथेच सापडेल : धन्याच्या डोळ्यांदेखत जबरीने नेलं तर साहस, त्याच्या पाठीमागे नेलं तर चोरी. दंडाच्या पायऱ्यांनाही साहसच म्हणत. प्रथम साहस २५० पण (‘पण’ हे तेव्हाचं नाणं), मध्यम ५००, उत्तम १०००. ‘उत्तम साहस’ म्हणजे शौर्यपदक नव्हे हो, सगळ्यात जबर दंड! मूळ ‘सहस्’ म्हणजे बळ. बळजोरीने केलेलं ते साहस. ट्रेकिंगवाल्यांनी हा शब्द धुऊन-पुसून घेतला, त्याला ताराबाई काय करणार?

पाटीपेन्सिल :
काका, मनू ठीक आहे, पण ताराबाई बुलढाण्यात बसून मराठीत लिहीत होत्या. १८८२ सालचा मराठी वाचक ‘साहसी’ वाचून मनुस्मृती काढायला धावला असेल का?

नारायणपेठी :
धावायची गरजच नव्हती. तो अर्थ वापरात होता.

पाटीपेन्सिल :
पुरावा?

वऱ्हाडी_ठेचा :
पुरावा मी देतो. माझी आजी मेहकरकडची, म्हणजे ताराबाईंच्याच जिल्ह्यातली. आम्ही पोरं विहिरीवर वाकलो की ती वरून ओरडायची, ‘‘भलतं साहस करू नोको रे बाप्पा!’’ तिच्या तोंडी साहस कधी चांगलं नव्हतंच. कौतुक करायचं असलं की ‘धाडस’. ‘‘पोरगी लय धाडसाची हाय’’ हे कौतुक, आणि कुणी विहिरीत जीव दिला तर ‘‘तिनं साहस केलं.’’ आमच्या घरात हे दोन शब्द कधी एकमेकांच्या जागी आले नाहीत.

कोरा_कागद :
‘भलतं साहस’ आमच्याकडेही म्हणतात, साताऱ्याला. पण तिथे वाईटपणा ‘भलतं’ मुळे येतो, ‘साहस’ मुळे नाही. नाही का?

वऱ्हाडी_ठेचा :
मग ‘भलतं शौर्य करू नको’ म्हणून बघा.

जुनाबाजार :
आधी संदर्भ पाहू, म्हणजे अर्थासाठी मनूपर्यंत जावं लागणार नाही. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात फाशी टळली, पण तोवर वर्तमानपत्रांनी समस्त विधवांच्या आणि शिकलेल्या बायकांच्या चारित्र्यावर लिहून घेतलं होतं. ‘पुणे वैभव’ त्यात पुढे. ताराबाईंचा निबंध हा त्या सगळ्या गदारोळाला दिलेला जबाब आहे. पुण्यात श्री शिवाजी छापखान्यात छापला, प्रती ५००, किंमत नऊ आणे. तेव्हा प्रश्न होता तो खुनाचा आणि बदफैलीचा. ‘शूर कोण’ हा मुद्दाच कुणी काढला नव्हता. ‘गुन्हे करायला न कचरणारं कोण, बाई की बुवा’ असा तो सवाल आहे. रोझलिंड ओ’हॅनलन यांचं इंग्रजी भाषांतर १९९४ मध्ये आलं, त्यात त्यांनी उपशीर्षकातल्या ‘साहसी’साठी दोन विशेषणं वापरली आहेत, एक दुष्ट या अर्थाचं आणि एक अनीतिमान या अर्थाचं. एका शब्दात त्यांनाही जमलं नाही, गोदाकाठताई.

पाटीपेन्सिल :
संदर्भ मान्य. पण मग सावित्रीचं काय करता? त्याच पुस्तकात ताराबाई विचारतात की सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या दारापर्यंत गेली, पण बायकोसाठी त्या वाटेला लागलेला एक तरी नवरा ऐकलाय का? हे साहस नाही? चांगल्या अर्थाचं? मला तर वाटतं बाई मुद्दाम दुधारी शब्द वापरतायत. वाईट अर्थाने साहसी पुरुष, चांगल्या अर्थाने साहसी बायका. उत्तर दोन्हीकडून त्यांच्याच बाजूने पडतं.

नारायणपेठी :
सुंदर कल्पना आहे. पण ती आजच्या वाचकाची आहे. सावित्रीच्या जागी त्यांनी ‘साहस’ शब्द वापरलाय का, हे दाखवा. नसेल तर हा अर्थ तुम्ही घातलेला.

पाटीपेन्सिल :
लेखकाने प्रत्येक वेळी तोच शब्द वापरला तरच अर्थ धरायचा, असा नियम कोणी केला? कोशकारांनी?

शब्दखुळी :
भांडा, भांडा, मी चहा घेऊन आले.
एक जोड : परवाच फोनवर चाणक्यनीतीचा एक व्हिडिओ आला. त्यात तो श्लोक, ‘स्त्रीणां द्विगुण आहारो लज्जा चापि चतुर्गुणा, साहसं षड्गुणं चैव…’. बाईचा आहार दुप्पट, लाज चौपट, साहस सहापट आणि पुढे काम आठपट. निवेदक भावुक होऊन सांगत होता की आचार्यांनी स्त्रीला पुरुषाच्या सहापट धैर्य दिलंय. खाली शेकडो हात जोडलेले. अहो, त्याच पुस्तकात दुसरा अध्याय ‘अनृतं साहसं माया’ म्हणून सुरू होतो. खोटेपणा, साहस, कपट, मूर्खपणा, हावरटपणा वगैरे हे बायकांचे ‘स्वभावजन्य दोष’. तिथे निवेदक काय करतो? तो श्लोक घेतच नाही!

जुनाबाजार :
शब्दखुळी, हेच! ही यादीच ताराबाईंसमोर होती. चाणक्य म्हणा, भर्तृहरी म्हणा (शृंगारशतकात बाई म्हणजे ‘पत्तनं साहसानाम्’, साहसांचं शहर), शेकडो वर्षं ‘साहस’ हा शब्द बायकांच्या नावावर खर्ची टाकलेला. ताराबाई तीच वही उघडतात, एकेक दोष घेतात आणि विचारतात, हा तुमच्यात नाही का? दामदुपटीने नाही का? म्हणून त्यांना ‘साहसी’ सोडून दुसरा शब्द चालणारच नव्हता, आरोपपत्रातच तो होता. आता तुम्ही ‘शूर कोण’ असं वाचलंत की आरोपच गायब. मग बाई नुसती शर्यत लावतेय असं वाटतं.

कोरा_कागद :
पटलं. पण मग मराठीतून मराठीत भाषांतर कशाला? मूळ शब्द ठेवा, खाली टीप द्या.

गोदाकाठ :
कागदराव, भित्तिपत्रकाखाली टीप कोणी वाचत नाही. मुलं फोटो काढतात आणि निघून जातात.

दूरदेशी :
नमस्कार, मी श्टुटगार्टहून. इथल्या मराठी मंडळात मुलांना हाच उतारा शिकवायचा प्रसंग आला होता. मी सरळ ‘बेछूट’ लिहिलं. मुलांना कळलं.

नारायणपेठी :
‘बेछूट’ला मी विरोध करतो. अर्थ गोळीबाराचा होतो. आणि ‘बे’ फारसी, ‘छूट’ आपला, अशी ही मिसळ. त्यापेक्षा ‘उच्छृंखल’ काय वाईट आहे? शृंखला तोडलेला. अर्थ चोख बसतो.

शब्दखुळी :
काका, ‘उच्छृंखल’ लिहिलं तर पोरं चित्रात बाईच्या पायात साखळदंड काढतील. आणि फारसीचं म्हणाल तर ताराबाईंची भाषा वाचलीत ना? चुलीपुढची, चौकातली, शिव्यांसकट. त्यांना सोवळं नेसवायला जाऊ नका.

नारायणपेठी :
सोवळ्याचा प्रश्न नाही, अचूकतेचा आहे. वडिलांनी त्यांना संस्कृतही शिकवलं होतं, हे विसरू नका. त्यांना ‘साहस’चं वजन नीट माहीत होतं.

वऱ्हाडी_ठेचा :
मी ‘निर्ढावलेला’ सुचवतो. ‘स्त्रिया व पुरुष यांत निर्ढावलेलं कोण?’ वाचून बघा, जमतंय.

पाटीपेन्सिल :
‘निर्ढावलेला’ म्हणजे पुन्हा पुन्हा करून लाज गेलेला. विजयालक्ष्मीचं तसं नव्हतं, तिला लाजेनेच मारलं. माझं मत अजून तेच : शब्द दुधारी आहे, एकच धार ठेवाल तर पुस्तक बोथट होईल. आणि शब्दांची चाल बदलते, हे काकांना आवडत नसलं तरी. ‘धीट’ कुठून आला? ‘धृष्ट’ वरून. संस्कृतात धृष्ट म्हणजे उद्धट, निर्लज्ज. मराठीत येईतो ‘पोर मोठी धीट आहे हो’ अशी शाबासकी झाली. ‘साहस’ही त्याच वाटेने गेला. त्याला परत मनूच्या कचेरीत का ओढता?

नारायणपेठी :
वाट बदलते हे मान्य. पण १८८२ चा माणूस २०२० च्या वाटेवर चालवायचा नाही, एवढंच म्हणतोय. आणि एक गोष्ट ध्यानात घ्या, ‘धीट’ पोरीला म्हणतात, बाईला म्हणताना आवाज जरा बदलतोच.

शब्दखुळी :
हे मात्र खरं बोललात. ‘धाडसी’चंही तेच. पुरुषाला म्हटलं तर बक्षीस, बाईला म्हटलं तर पुढे एक छोटासा खाकरा असतो. आमच्या गल्लीत एकीने नवऱ्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. सगळी गल्ली ‘‘धाडसाची हो!’’ म्हणत होती आणि संध्याकाळी तिच्याकडे कुणी हळदीकुंकवाला गेलं नाही.

कोरा_कागद :
‘धाडस’ हे ‘धाड’ वरून आलंय असं माझे मराठीचे मास्तर सांगत. धाड घालणारा तो धाडसी. म्हणजे त्याचं मूळही दरोड्यातच!

जुनाबाजार :
मास्तरांनी शिकवलेल्या व्युत्पत्त्या फार जपून घ्याव्यात. हिंदीत ‘ढाढस’ आहे, धीर देणे या अर्थाचा. त्याच्याशी नातं आधी तपासा, मग दरोडा घाला.

कोरा_कागद :
मास्तरांचा अपमान सहन केला जाणार नाही.

शब्दखुळी :
‘सहन’, बघा! साहस, सहन, साहणे, सगळी एकाच ‘सह्’ ची पिल्लं. मग साहसी म्हणजे सगळ्यात जास्त सोसणारी, असंही म्हणता येईल की. तसं असेल तर ‘स्त्रिया व पुरुष यांत साहसी कोण’ चं उत्तर देण्यासाठी निबंध कशाला, एक ओळ पुरे.

नारायणपेठी :
धातू एक, पण ‘सह्’ चा मूळ अर्थ जिंकणे, मात करणे. सोसणे हा पुढचा. गोड व्युत्पत्तीच्या मोहात पडू नये.

दूरदेशी :
विषयाला थोडं सोडून : ताराबाईंना त्या काळी पाठिंबा कोणी दिला होता का? इथे मुलांनी विचारलं होतं.

जुनाबाजार :
जोतीरावांनी. १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी तिची बाजू घेतली, ‘चिरंजीविनी’ म्हणून उल्लेख केला. वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक वर्तुळातले. बाकी गप्प. ताराबाईंनी त्यानंतर दुसरं पुस्तक काढलं नाही. निबंध धुळीत पडून राहिला तो स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा छापला. तोवर ‘साहसी’ शब्द सह्याद्रीत दोर लावून वर चढला होता. गंमत म्हणजे त्याच १८८२ साली पंडिता रमाबाईंचं ‘स्त्रीधर्मनीति’ही आलं. ती बायकांनी कसं वागावं ते सांगते आणि ही पुरुष कसे वागतात ते. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचा एकदा.

पाटीपेन्सिल :
रमाबाईंवर अन्याय करताय. पाच वर्षांनी त्यांनीच इंग्रजीत ‘उच्चवर्णीय हिंदू स्त्री’ लिहिलं, ते वाचलं की नीतिपाठ विसरायला होतो.

जुनाबाजार :
१८८२ च्या रमाबाईंबद्दल बोलतोय, १८८७ च्या नव्हे. तुमचाच नियम, माणसं बदलतात.

गोदाकाठ :
अहो, माझा शब्द! उद्या छपाईला द्यायचंय. आत्तापर्यंत बेछूट, उच्छृंखल, निर्ढावलेला. ‘बदफैली’ कसा वाटतो?

वऱ्हाडी_ठेचा :
खुनाचा भाग सुटतो. आणि प्राचार्य भिंतीवर टिकू देणार नाहीत.

कोरा_कागद :
‘पुढचामागचा विचार न करणारं’?

शब्दखुळी :
एक शब्द मागितलाय, वाक्य नाही. ‘बेमुर्वत’.

नारायणपेठी :
पुन्हा फारसी. बाकी ‘सहसा’ हा शब्द कोणी काढला नाही याचं नवल वाटतं. तोही याच घरातला. संस्कृतात सहसा म्हणजे एकदम, आततायीपणे. संस्कृत कवी भारवीचं ‘सहसा विदधीत न क्रियाम्’ सगळ्यांना पाठ असतं, घाईने काही करू नये. आणि मराठीत? ‘मी सहसा बाहेर जेवत नाही.’ आततायीपणाचा झाला नेहमीपणा! माझी स्वतःची उपपत्ती अशी की भारवीच्या ओळीतल्या त्या ‘न’ मुळे हे झालं. ‘सहसा करू नये’ हे ऐकून ऐकून लोकांनी ‘शक्यतो करू नये’ असा अर्थ लावला.

पाटीपेन्सिल :
काका, ही तर कोरा_कागदच्या मास्तरांच्या वरताण झाली.

वऱ्हाडी_ठेचा :
पण ‘सहसा’ नकारातच येतो हे खरंय. ‘तो सहसा येत नाही’ बरोबर. ‘तो सहसा घरीच असतो’ कानाला खटकतं.

दूरदेशी :
मला नाही खटकत. मी रोज म्हणते.

शब्दखुळी :
माझी आई शुद्ध सदाशिव पेठेतली, तीही म्हणते, ‘‘मी सहसा दुपारी झोपते.’’

नारायणपेठी :
सदाशिव पेठेत सहसा असं बोलत नाहीत.

कोरा_कागद :
‘सहसा’साठी नवा धागा काढतोय, तिकडे या सगळे. मास्तरांच्या वह्या शोधून ठेवल्यात.